आईच्या म्हणून वाढवलेल्या

४ जून

प्रिय दादा,

या पत्रासोबत एक पाकीट आहे. त्यात प्लॅस्टिकची नळी आणि कापूस लावलेली काडी आहे. सकाळी चहाच्या आधी चूळ भर, काडी गालाच्या आतून फिरव, वाळली की नळीत घालून मला परत पाठव. सुई नाही, रक्त नाही. लहानपणी टोचायला माणूस आला की तू माळ्यावर चढून बसायचास असं आई सांगायची, म्हणून आधीच सांगते.

कारण साधं आहे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिच्या गाठीचा एक तुकडा मी प्रयोगशाळेत नेला होता, तुला आठवत असेल. "ने बाई, नाहीतर फेकूनच देणार," असं ती म्हणाली होती. त्या तुकड्यातल्या पेशी मी बशीत वाढवल्या आणि आजपर्यंत वाढवते आहे. आई गेली, पेशी राहिल्या. माझं सगळं काम त्यांच्यावर चालतं. जगातल्या कितीतरी प्रयोगशाळा त्या माझ्याकडून मागवून घेतात.

आता आमच्या क्षेत्रातल्या नियतकालिकांनी नियम केला आहे. पेशी ज्या माणसाच्या म्हणता त्याच्याच आहेत, याचा पुरावा द्या. हॉस्पिटलने आईचे जुने नमुने ठेवलेले नाहीत. तेव्हा तिच्या मुलांशी ताडून पाहायचं. आईच्या डीएनएतला अर्धा वाटा प्रत्येक मुलात असतो. तो जुळला की झालं.

औपचारिकता आहे. पण लवकर पाठव.

वहिनीला नमस्कार.

तुझी
ठमी

१६ जून

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. पाकीट मिळालं. फोन न करता लिहितो आहे, कारण फोनवर तू माझं वाक्य कधी पुरं होऊ देत नाहीस.

काडी अजून फिरवलेली नाही. दुकानात गर्दी आहे. शाळा सुरू व्हायची वेळ आली की सगळ्या पोरांचे डोळे एकदम बिघडतात आणि सगळ्यांना चष्मा उद्याच हवा असतो.

थोडं विचारायचं आहे. या काडीवरून नेमकं काय काय कळतं? अहवाल कोणाच्या हातात पडतो? तो कुठे छापतात का? आणि एका मुलाचं पुरत नाही का? तू आहेस की. तुझी काडी का नाही फिरवलीस? की फिरवलीस आणि मला सांगत नाहीस?

तू "औपचारिकता" म्हणालीस ते मला खटकलं. बाबांच्या वेळी डॉक्टरही हेच म्हणाले होते.

पेशी आईच्या आहेत असं तू सांगितलंस, लोकांनी इतकी वर्षं मानलं. आता आईचासुद्धा पुरावा द्यायचा म्हणजे कमाल झाली. तुझी वहिनी म्हणते, नणंदेला हवंय तर देऊन टाका, थुंकी काही विकत आणायची नाही. तिचं सगळ्याच बाबतीत असं असतं.

तुझा
दादा

२५ जून

प्रिय दादा,

तुझे प्रश्न वाचून माझ्या लक्षात आलं. तुला भीती वाटते आहे. आईचा आजार तुझ्यात आहे का, हे या काडीवरून बाहेर पडेल असं तुला वाटतं. नाही पडत. आम्ही डीएनएवरच्या ठरावीक जागा बघतो. त्या जागांवरून माणूस ओळखता येतो, आजार नाही. तू निर्धास्त राहा. आणि वहिनीपासून काही लपवत असशील, खोकला, वजन, काहीही, तर लपवू नकोस.

आता माझं. हो, माझी काडी मी आधीच तपासून घेतली. पेशींशी मेळ बसला नाही.

आमच्याकडे जगभरच्या पेशींची एक मोठी यादी असते. तिच्यातल्या कशाशीही त्या जुळल्या नाहीत. म्हणजे एखाद्या नेहमीच्या पेशी चुकून मिसळल्या, असंही म्हणता येत नाही. नमुने पाठवताना नळ्यांची अदलाबदल झाली असावी. झाली की केली, ते मला माहीत नाही.

माझ्या खोलीत ती सहकारी बसते, जिला मी खारूताई म्हणते. तिच्याबद्दल तुला सांगितलं आहे. डबे, दोऱ्या, सुटलेली लेबलं, ती काही टाकत नाही. आम्ही दोघींनी बरोबरच काम सुरू केलं. दोघींनी एकेका रुग्णाच्या पेशी वाढवायला घेतल्या. माझ्यांनी नाव काढलं. तिने तिच्या कधी प्रसिद्धही केल्या नाहीत, पुढे ते काम सोडूनच दिलं. नमुने पाठवले त्या दिवशी ती फ्रीजपाशी उभी होती. मी आत गेले तशी बाजूला झाली आणि हवेबद्दल बोलायला लागली. ती हवेबद्दल कधी बोलत नाही.

मी आता माझ्या कपाटाला कुलूप लावते. बश्यांची झाकणं विशिष्ट तिरकी ठेवते, कोणी हात लावला तर कळावं म्हणून. तुला हसू येईल, पण काल एक झाकण सरळ होतं.

तुझी काडी आली की सोक्षमोक्ष लागेल.

ठमी

९ जुलै

प्रिय ठमे,

काडी पाठवतो आहे. फिरवली, वाळवली, नळीत घातली. चहाच्या आधी. दिवसभर डोकं दुखलं ते तुझ्या नावावर.

माझी तब्येत उत्तम आहे. खोकला नाही, वजन हवं त्यापेक्षा जास्तच आहे.

कुलूप लावलंस ते बरं केलंस. झाकणांचं वाचून आईची आठवण झाली. ती साखरेच्या डब्यात बोटाने रेघ ओढून ठेवायची, कोणी खाल्ली तर कळावं म्हणून. तू अगदी तिच्यावर गेली आहेस. नाकसुद्धा तिचंच आहे तुझं, मी नेहमी म्हणतो.

काम सांभाळून राहा. एखादी चाचणी इकडची तिकडे झाली तर जिवाला लावून घेऊ नकोस.

दादा

३ ऑगस्ट

दादा,

अहवाल आला. तू पाठवलेली काडी पेशींशी जुळत नाही. माझ्याशीही जुळत नाही. आणि ती बाईची आहे.

आमच्या चाचणीत एक जागा फक्त पुरुष की बाई एवढंच सांगते. ते मी तुला लिहिलं नव्हतं. वहिनीला विचार, गालाला गुदगुल्या झाल्या का.

मी तुला औपचारिकता म्हटलं, ते खरं नव्हतं. काय अडकलं आहे ते आता नीट सांगते. एका औषधाने या पेशी मरतात, हे मी दाखवलं. माझं नाव झालं ते त्यामुळे. ते औषध नव्या वर्षात माणसांना देऊन बघणार आहेत. आईला जो आजार होता, त्याच आजाराच्या बायकांना. पेशी आईच्या नसतील, भलत्याच आजाराच्या असतील, तर त्या बायकांना आपण काय देतो आहोत हे कोणालाच माहीत नाही. मला माझा प्रत्येक शोधनिबंध मागे घ्यावा लागेल. प्रत्येक. माझ्या विद्यार्थ्यांचं कामही त्यातच आहे.

आधी नुसता निरोप आला होता, भावाचाही मेळ नाही. मी तशीच विभागप्रमुखांच्या खोलीत गेले आणि खारूताईचं नाव घेतलं. त्यांनी तिलाही बोलावलं. ती आपला चष्मा काढून पुसत बसली. दुसऱ्या दिवशी तिने द्रव नायट्रोजनच्या टाकीतून एक गोठवलेली कुपी काढून माझ्या टेबलावर ठेवली. त्यात तिच्या त्या जुन्या पेशी होत्या. म्हणाली, "ह्याही तपासायला पाठव." आणि गेली. त्यानंतर सविस्तर अहवाल माझ्या हातात पडला, आणि मला कळलं की अदलाबदल माझ्या प्रयोगशाळेत नाही, तुझ्या स्वयंपाकघरात झाली.

आता सांग, का केलंस. आणि ते नाकाचं काय होतं? तू माझ्या नाकाबद्दल जन्मात कधी काही बोललेला नाहीस.

ठमी

११ ऑगस्ट

प्रिय ठमे,

हे पत्र मी दुकान बंद ठेवून लिहितो आहे. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी नऊ वर्षांचा होतो. आई मावशीकडे गेली आणि कितीतरी महिने आली नाही. बाबा मला घेऊन कधी गेले नाहीत. आली तेव्हा तिच्या हातात तू होतीस. जाताना तिचं पोट मला दिसलं नव्हतं. मावशी पोचवायला आली होती, ती तुझ्याकडे बघायची आणि दाराआड जाऊन रडायची. मी आईला विचारलं, ही कुठून आणली? ती म्हणाली, मोठा झालास की सांगेन, तोवर कुठे बोलायचं नाही. मी बोललो नाही. मोठा झालो, तिने सांगितलं नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी मी पुन्हा विषय काढला, तर म्हणाली, "आता कशाला ते." आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी त्याचा अर्थ एकच लावत आलो. तुला आणलं आहे.

तुझं पाकीट आलं तेव्हा मला समोर दिसलं. मी काडी फिरवली की मी आईचा ठरणार, तू ठरणार नाहीस. आणि ते तुला कळणार परक्या माणसाने पाठवलेल्या कागदावरून. म्हणून तुझ्या वहिनीला म्हटलं, तू फिरव. का, ते तिला सांगितलं नाही. तुझ्यासारखंच तिलाही वाटलं, मी आजाराला घाबरतो. दोन दिवस मला दूध पाजत होती.

औषधाचं, त्या बायकांचं, मला काही माहीत नव्हतं. तू औपचारिकता म्हणालीस.

पण एक बघ. माझं खरं असेल, तर तुझं काम खरं आहे. पेशी आईच्याच आहेत. जुळत नाहीस ती तू. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण ते तुझ्या उपयोगाचं आहे.

सोबत काडी आहे. तुझी वहिनी समोर उभी राहून बघत होती आणि नळीवर तिने सही केली आहे. घरात माझी पत आता एवढीच राहिली.

कागदावर काहीही येऊ दे. ठमी तूच.

दादा

१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून मी प्रयोगशाळेत गेले, बशी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी नेहमीसारख्याच होत्या. दाटीवाटीने भरलेल्या, निरोगी.

तेव्हा मला काय वाटलं, ते तुला सांगायला हवं. मला वाटलं, असंच असू दे. मी आईची नसेन तर पेशी आईच्या आहेत, निबंध खरे आहेत, औषध खरं आहे. अहवाल येईपर्यंत मी रोज हीच आशा केली. लहानपणीचे फोटो काढून बसले आणि मी कोणासारखी दिसत नाही हे शोधत राहिले. नाक आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं की नाक कोणाचंच वाटत नाही.

काल अहवाल आला. तू आणि मी सख्खे भाऊ-बहीण आहोत. त्यात शंकेला जागा नाही. मी शोधली.

पेशी आपल्या दोघांशीही जुळत नाहीत. त्या खारूताईच्या कुपीशी जुळतात, प्रत्येक जागी. तिच्या रुग्णाच्या आहेत. एका वेगळ्या बाईच्या, वेगळ्या आजाराच्या.

आईच्या पेशी फार हट्टी होत्या. वाढायच्याच नाहीत. मी शेवटचे आठवडे तिकडे आईपाशी होते, तेव्हा खारूताई तिच्या पेशींबरोबर माझ्यांनाही खाद्य घालत होती. मी परत आले तर बशी काठोकाठ भरलेली. मी तिथेच रडले. मला वाटलं, आई तिकडून गेली आणि इथे आली. खारूताई मागे उभी होती. म्हणाली, "इतक्या पटकन? मला नाही बरं वाटत हे. एकदा तपासून घे." मी मनात म्हटलं, हिला बघवत नाही.

आता कळतं काय झालं ते. तिच्या पेशी जोमदार होत्या. खाद्याच्या एका थेंबातून त्यातली एखादी माझ्या बशीत आली असेल. तेवढी पुरते. ती खाते, जागा अडवते, आणि हळू वाढणाऱ्या मागे पडून मरतात. काही दिवसांत बशीत सगळ्या त्याच. झाकणावर नाव मात्र आईचं.

थेंब तिच्या हातून गेला, की निघायच्या घाईत माझ्या, हे आता कोणतीही चाचणी सांगणार नाही. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुला कोणाच्या हातून हवाय?"

औषधवाल्यांना आज कळवलं. निबंध मागे घ्यायची पत्रं उद्या जातील.

ठमी

२३ सप्टेंबर

प्रिय ठमे,

मावशीकडे जाऊन आलो. तिला आता नीट ऐकू येत नाही. त्यामुळे जो प्रश्न मी इतकी वर्षं कोणाला विचारला नव्हता तो मला ओरडून विचारावा लागला, आणि खालच्या मजल्यापर्यंत गेला.

ती म्हणाली, खुळा आहेस का रे? तुझ्यानंतर तुझ्या आईची दोन पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही. घरी राहिली असती तर पहिल्याच दिवशी उठून कामाला लागली असती, म्हणून सुरुवातीलाच उचलून इथे आणली. मी म्हटलं, मग तू दाराआड रडत का होतीस? म्हणाली, "ही जगली म्हणून. त्या दोघांच्या वेळीही मीच होते तिच्याजवळ." आणि मला का नाही सांगितलं? तर म्हणे नऊ वर्षांच्या पोराला काय सांगायचं. नंतर सांगेन म्हणाली असेल, नंतर नकोसं झालं असेल. मग तिने मला चहा दिला आणि तुझं लग्न कधी आहे असं विचारलं. माझं.

दुकानात अशी गिऱ्हाइकं येतात, जी डोळे तपासायचा तक्ता पाठ करून आलेली असतात. वाहनाच्या परवान्यासाठी. खालची ओळ घडाघडा म्हणून दाखवतात. मी गुपचूप दुसरा तक्ता लावतो, की गप्प होतात. मला त्यांचा राग यायचा. आता येणार नाही बहुतेक. इतकी वर्षं मीही पाठ केलेलंच वाचत होतो.

तुझ्यासाठी काय लिहावं ते सुचत नाही. तुझी वहिनी म्हणते, थोडे दिवस इकडे ये, नुसती झोप. ती मला अजून माफ करत नाही, पण तुझ्यावर तिचा राग नाही.

एक विचारतो. म्हणजे आईचं आता काहीच राहिलं नाही? मी काउंटरवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, आमची आई जगभर आहे. त्यांना आता काय सांगू?

दादा

२ डिसेंबर

प्रिय दादा,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं जे होतं ते सगळं मी लोकांना लिहीत होते.

निबंध मागे घेतले. ज्यांनी माझ्याकडून पेशी नेल्या होत्या, त्यांना एकेकाला कळवलं. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी उत्तर दिलं नाही. एकाने विचारलं की हे उघड करण्यामागे माझा काय डाव आहे. औषध द्यायचं थांबवलं आहे. एक विद्यार्थी दुसरीकडे गेला, एक थांबली. माझी मोठी खोली गेली. आता जिन्याखालची आहे, तिला खिडकी नाही. तिच्यात दोन टेबलं मावतात. दुसरं खारूताईचं आहे. तिला कोणी हलवलं नव्हतं, ती स्वतः आली. मी का म्हणून विचारलं नाही, आणि मला ते अजून कळलेलं नाही.

गेल्या महिन्यात तिच्या टाकीच्या तळाशी एक कुपी निघाली. माझ्या अक्षरातली. ऑपरेशननंतरच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली, मी घरी येण्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा माझ्या टाकीत जागा नव्हती, म्हणून मी तिच्याकडे ठेवायला दिली असणार. मी विसरले. तिने टाकली नाही.

तिने ती पुढे केली तेव्हा मी आधी झाकण निरखून बघितलं, कोणी उघडलं आहे का. तिने मला ते बघताना बघितलं.

आम्ही दोघींनी मिळून ती कुपी वितळवली. बहुतेक सगळ्या पेशी मेलेल्या होत्या. मूठभर तळाला चिकटल्या. त्यानंतर मी रोज बघते आहे. पसरत नाहीत, भरत नाहीत. बशीच्या एका कडेला बसून आहेत. खाद्य बदललं की रुसतात. पूर्वी अशी बशी मी फेकून दिली असती. आता पटकन वाढणाऱ्या कशावरही माझा विश्वास बसत नाही, म्हणून यांच्यावर थोडा बसतो आहे. थोडाच.

त्यांची खाद्याची बाटली वेगळी आहे. मी खाद्य घालते तेव्हा खारूताई शेजारी उभी राहून माझ्या हातांकडे बघते. ती तिच्या पेशींना घालते तेव्हा मी बघते. आम्हाला दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही.

काउंटरवर अजून कोणाला काही सांगू नकोस. या कुपीतल्या पेशी ताडून पाहायला सोबत पाकीट आहे. जुना अहवाल आहेच, पण मला सगळं पहिल्यापासून हवं आहे. चहाच्या आधी. या वेळीही काडी तुझीच, आणि नळीवर वहिनीची सही.

तुझी
ठमी